दुसरा दोर

२०२५ च्या चौदा एप्रिलला दिंडोरीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि मागं भलामोठा बॅनर. बॅनरवर माझा फोटो. पवनचक्कीच्या पात्याशी लोंबकळलेला मी, डोक्यावर पिवळी टोपी, खाली ढग. (ढग नव्हते. फ्लेक्सवाल्या पोरानं घातले.) वर ठळक अक्षरात 'उत्तुंग भरारी'. एक वक्ता म्हणाला, ज्याच्या आज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती, तो नातू आज आभाळात काम करतोय. टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

रात्री घरी आलो आणि ती शाल टोचायला लागली. अजून टोचतेय.

ज्यांनी शाल घातली ते माझे दोस्त. हे पान तेच वाचणार. म्हणूनच इथं लिहितो. बाहेरच्यांना शिव्या घालणं सोपं असतं, ते आपण रोजच करतो.

आधी काम काय ते सांगतो, कारण भाषण करणाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. मी दोरावर काम करतो. कागदावर 'रोप ॲक्सेस टेक्निशियन'. चिमणी, सायलो, पवनचक्की, पुलाची खालची बाजू, काचेची बिल्डिंग, जिथं परांची बांधायला वेळ नाही किंवा पैसा घालायचा नाही, तिथं वरून दोर सोडायचा आणि माणूस उतरवायचा. माणूस रंग देतो, वेल्डिंग करतो, जाडी मोजतो, भेग शोधतो. साक्रीकडं ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर मी पाती घासलीत, भरलीत. मुंबईत काचा पुसल्यात.

या कामाचा पहिला नियम एकच आहे. दोर दोन पाहिजेत.

एका दोरावर तुम्ही बसता. तो कामाचा. दुसरा नुसता शेजारी लोंबतो, त्याच्यावर वजन नसतं. त्याच्यावर एक लहानसं यंत्र असतं, तुमच्या पट्ट्याला जोडलेलं. तुम्ही सरकता तसं ते सरकतं आणि एकदम झटका बसला की दोर दातात धरतं. दोन्ही दोरांचे खुंटे वेगळे. एक उपटला तरी दुसरा शाबूत. दोर कडेवरून खाली वाकतो तिथं धार असेल तर खाली जाड आवरण घालायचं. एकट्यानं उतरायचं नाही. आणि वर अडकलेल्याला खाली कसा आणायचा हे उतरायच्या आधी ठरलेलं पाहिजे, कारण बेशुद्ध माणूस पट्ट्यात तसाच लोंबत राहिला तर पायात रक्त साकळतं आणि थोड्या वेळात जीव जाऊ शकतो.

ही विद्या गुहा उतरणाऱ्यांची आणि डोंगर चढणाऱ्यांची. इंग्लंडात १९८० च्या दशकाच्या शेवटी ती समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर आली आणि इराटा नावाची संघटना निघाली. तिचे तीन दर्जे आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला एक हजार तास दोरावर काढावे लागतात, आणि वर्षही भरावं लागतं. दर तीन वर्षांनी परीक्षा परत. तासांची वही असते, तिच्यावर वरच्या दर्जाच्या माणसाची सही लागते. आज माझा दर्जा दुसरा. म्हणून शाल.

आता दुसरी बाजू. दिंडोरी, जानोरी, लखमापूर, अक्राळे, हा सगळा पट्टा द्राक्षाचा आणि कारखान्यांचा. जिथं कारखाना तिथं टाकी, सायलो, चिमणी, उंच पत्र्याची शेड. पावसाळ्याच्या आधी रंग मारायचा असतो. तेव्हा वर चढतं कोण? इराटा नाही चढत. ठेकेदाराच्या पिकअपमधनं आलेली आपली पोरं चढतात. बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली, कोकणा-महादेव कोळ्यांच्या पाड्यावरची. त्यांना टेक्निशियन म्हणत नाहीत. त्यांना 'झुल्यावरची पोरं' म्हणतात. फळी, फळीला दोर, आणि दोर एकच.

तीच उंची, तोच वारा. माझ्या पट्ट्यावर शिक्का आणि त्यांच्या कमरेला हातभर नायलॉन.

माझा आजा मांग. दोर वळायचा. केकताडाची पानं ओढ्यात कुजवायची, धोपटायची, वाख काढायचा, पिळ घालायचा. कासरे, दावी, नाडे, शिंकी. गावात एक बैल असा नव्हता की ज्याच्या गळ्याला आज्याचा हात लागला नाही. मोटेचा नाडाही त्याचाच. तो नाडा पाटलाच्या विहिरीत दिवसभर खालीवर जायचा, पाण्यात भिजायचा. नाड्यानं पाणी बाटत नव्हतं. नाडा वळणारानं बाटत होतं. सुगीला खळ्यावर जाऊन तो बलुतं मागायचा, आणि खळ्यावरचा कुणबी पायलीत हात घालून म्हणायचा, औंदा दोर लई लवकर तुटले रे तुझे. दोर तुटला की दोष वळणाऱ्याचा. हे वाक्य ध्यानात ठेवा.

नायलॉन आला आणि आज्याचं बलुतं बुडालं. बा विहिरी खोदणाऱ्या यारीवर गेला. यारीच्या बकेटात उभं राहून खाली जायचं, सुरुंगाची भोकं भरायची, वर यायचं, बार उडाला की परत खाली. मी आयटीआय केलं, फिटर झालो, आणि फिरून दोरावरच आलो. तीन पिढ्या. पहिला दोर वळत होता, दुसरा दोरानं खाली जात होता, तिसरा दोरानं वर लोंबतोय. यात भरारी कुठाय ते मला दाखवा.

आता मुद्द्याचं. २०२२ चा मे.

आमच्या गल्लीतला पोरगा. वय बावीस. नाव लिहीत नाही. त्याच्या आईला वाचता येत नाही, पण तिला वाचून दाखवणारे आहेत. रोज सहाशे रुपये. त्याला ठेकेदाराकडं मीच लावला होता. मी तेव्हा साक्रीकडं होतो. त्याला म्हणालो होतो, वर्षभर कर, हात बसू दे, मग कोर्स करू.

फोन आला तेव्हा मी पवनचक्कीवर, दोन दोरांवर होतो. गावात पोचलो दुसऱ्या दिवशी. कारखान्यात गेलो तर तुटका दोर तिथंच पडलेला. उचलून बघितला. शेडच्या पत्र्याच्या धारेवर घासून घासून कापलेला. टोक दाढीच्या ब्रशासारखं पिंजलेलं. धारेखाली साधं पोतंही घातलेलं नव्हतं. पोराच्या कमरेला पट्टा होता, हे सगळे पुन्हा पुन्हा सांगत होते. पट्टा दिला होता, पट्टा दिला होता. पट्ट्याचा हूक कशात अडकवला होता? त्याच दोरात. दोर तुटला, हूक दोराबरोबर गेला, पोरगा हुकाबरोबर.

ठेकेदाराचा माणूस मला म्हणाला, "दोर नवा होता हो, यानंच नीट बांधला नसंल." आज्याच्या खळ्यावरचा कुणबी माझ्यापुढं उभा राहिला.

दुसरा दोर त्या पोराच्या दोनतीन आठवड्यांच्या मजुरीत आला असता.

मग आपण आलो. आपण म्हंजे चळवळ. निळे गमछे, घोषणा, प्रेत ताब्यात घेणार नाही. दिवसभर बसलो. संध्याकाळी बोलणी झाली. पाच लाख. स्टॅम्प पेपर आला. त्याच्यावर लिहिलेलं की वारसांची यापुढं कसलीही तक्रार नाही, मागणी नाही. आईचा अंगठा. दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातली एक माझी.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. खाल्ले असते तर फार सोपं झालं असतं, त्या माणसाला धरून चोपलं असतं. कुणीच खाल्ले नाहीत. आपण सगळे प्रामाणिक होतो आणि सगळे अडाणी होतो. आपल्याला वाटलं आपण जिंकलो.

तीन वर्षांनी, सत्कारानंतर, मी एका वकिलाकडं गेलो. शाल टोचत होती म्हणून गेलो. त्यानं मला जे सांगितलं ते इथं पाठ करून लिहितो, तुम्हीही पाठ करा. तेव्हा लागू होता तो कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मे, गुणिले वयाचा आकडा. मजुरी कितीही असो, हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरायची. बावीस वर्षांच्या माणसाचा आकडा २२१.३७. करा गुणाकार. साडेसात हजार गुणिले २२१.३७. होतात १६ लाख ६० हजार २७५ रुपये. ठेकेदार पळाला तर मूळ मालकाकडून वसूल करायची सोय त्याच कायद्यात होती. आणि सगळ्यात कडू गोष्ट अशी की मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात द्यायचीच नव्हती. ती आयुक्ताकडं भरायची होती. परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नव्हता. म्हंजे आपण ज्या कागदावर सह्या केल्या त्याला कायद्यात चिंधीचीही किंमत नव्हती. कारखान्याला ईएसआय लागू असेल तर रस्ता वेगळा, तिथं आईला दरमहा आश्रिताचा लाभ मिळायला पाहिजे होता. दोन्हींपैकी एक दार उघडं होतंच. आपण तिला तिसऱ्याच दारातनं बाहेर काढलं आणि वर घोषणा दिल्या.

आता मी जे बोलणार आहे ते काहींना झोंबेल. झोंबू द्या.

गटारात, मैल्याच्या टाकीत आपला माणूस गुदमरून मेला की आपल्याला लगेच जात दिसते. दिसायलाच पाहिजे. त्याच्यावर लोक लढले, वर्षानुवर्षं लढले. २०१३ चा कायदा आला, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं १० लाख ठरवले, २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख केले. कोर्टानं आपणहून दिलं नाही, भांडून घेतलं. पण तोच माणूस साठ फुटांवरून पडला की आपल्याला जात दिसत नाही. तो अपघात होतो. का? कारण आपल्या डोक्यात एक चित्र घट्ट बसलंय. खाली म्हंजे गुलामी, वर म्हंजे प्रगती. खाली उतरवला तर अपमान, वर चढवला तर भरारी. मालक मात्र वरखाली बघत नाही. जिथं स्वतःचा पोरगा पाठवणार नाही तिथं तो आपला पाठवतो. ती जागा खड्ड्यात आहे की चिमणीवर, हा त्याला प्रश्नच नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मनमाडला, आपल्याच जिल्ह्यात, रेल्वे कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण हे वाक्य बॅनरवर छापतो. दोरावर या, दोन्ही एका नजरेत दिसतील. दोरावर कोण लोंबणार हे पहिली ठरवते. दोर किती द्यायचे हे दुसरी.

आणि दोराला मान मिळायला लागला की काय होतं तेही बघा. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. का, तर तुटलेलं सूत जोडताना तोंडाची थुंकी लावावी लागायची, आणि आमच्या थुंकीनं बाकीच्यांचा धर्म बुडायचा. विणखात्यातच पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला तो यासाठी. आज थुंकीचं कुणी बोलत नाही. आज फी आहे. पहिल्या दर्जाच्या कोर्सची फी भरायला आईनं बचत गटाचं कर्ज काढलं, शेळ्या विकल्या. परीक्षेत प्रश्न इंग्रजीत. वही इंग्रजीत. माझ्या तुकडीत दोन पोरं डोंगर चढणाऱ्या क्लबातली होती. चांगली पोरं, मला गाठी शिकवल्या त्यांनी. त्यांना दोर माहीत होता तो सुट्टीचा. आठ वर्षं झुल्यावर काढलेल्या आपल्या माणसाला मात्र त्या वर्गाचं दारही माहीत नाही. त्याचे आठ वर्षांचे हजारो तास कुठल्याच वहीत नाहीत. दोर कसबाचा झाला, पैशाचा झाला, आणि ज्यांच्या घरात दोर जन्मला तेच बाहेर राहिले. सूत तेव्हा, दोर आता.

सत्कारानंतर एका भाऊंनी मला कोपऱ्यात घेतलं. माणूस अभ्यासू, मनानं चांगला. म्हणाले, "राग मानू नको, पण बाबासाहेबांनी ही कामं सोडा म्हणून सांगितलं. तू शिकून परत दोरच धरलास. पोरांना स्पर्धा परीक्षेला बसव."

भाऊ, जयभीम. उत्तर तिथं सुचलं नाही, इथं देतो. मेलेलं ढोर ओढणं सोडायला सांगितलं, कारण ते काम फुकट होतं आणि त्याच्याबरोबर माणूसपण जात होतं. बाबासाहेबांनी मजुरीचं काम सोडा म्हणून नाही सांगितलं. त्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते ४६ मजूर खातं सांभाळलं. आठवड्याचे कामाचे तास ५४ चे ४८ करणारी दुरुस्ती १९४६ ची, त्याच काळातली. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडं गेले आणि कोळशाच्या खाणीत खाली उतरले, जमिनीच्या पोटात, मजूर कसा राबतो ते बघायला. मजूरमंत्री उतरून बघून आले. आपल्यातला एक तरी कार्यकर्ता लखमापूरच्या एखाद्या शेडवर चढून दोर किती आहेत ते मोजून आलाय का? स्पर्धा परीक्षेला बसवा ना, जरूर बसवा. पण एकजण पास झाला की त्याचा सत्कार, आणि बाकीचे नव्व्याण्णव पिकअपमधी. त्या नव्व्याण्णवांचं काय, हे तुमच्या भाषणात येत नाही.

एक आठवलं म्हणून सांगतो. वणीच्या गडावर सप्तशृंगाच्या शिखरावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात ध्वज लागतो. तो कडा सरळसोट. दरेगावच्या गवळी घराण्याला त्याचा मान, रात्री एकजण चढतो आणि ध्वज लावून उतरतो. खाली हजारो माणसं हात जोडून उभी. त्या चढणाऱ्याच्या हिमतीबद्दल मला काही म्हणायचं नाही, कड्यावर चढणं काय असतं ते मला कळतं. पण बघा, देवाच्या कापडासाठी चढला तर मान. पत्र्याच्या रंगासाठी चढला तर गेटपास आणि तोही संध्याकाळी परत द्यायचा. आणि पेठ-त्र्यंबकच्या वाड्यांवर ऐन उन्हाळ्यात ज्या बाया हंडाभर गढूळ पाण्यासाठी विहिरीच्या कपारीला हातपाय लावून खाली उतरतात, त्यांच्या कमरेला तर एकही दोर नसतो. त्यांचे फोटो पेपरात येतात. त्यांना ना मान, ना पास.

माझा दोरावरचा जोडीदार बौद्ध आहे. १ ऑगस्ट २०२४ ला वर्गीकरणाचा निकाल आला तेव्हा आमच्या दोन वाड्यांत बोलणं बंद झालं होतं. व्हॉट्सॲपवर शिव्या. त्याच्या चुलत्यानं आणि माझ्या मामानं एकमेकांना काय काय म्हणून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या आठवड्यात आम्ही दोघं एका चिमणीवर होतो. उतरायच्या आधी माझ्या पट्ट्याचे बक्कल तो तपासतो, त्याचे मी. माझा दुसरा दोर कुठं बांधलाय ते तो हात लावून बघतो. नियमच आहे तसा. चार दिवस आम्ही निकालाबद्दल एक शब्द बोललो नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "तुझा खुंटा ढिला हाय." मी परत बांधला. वाद मिटला असं मी म्हणत नाही. वादाला जागा आहे, वाटणीचा सवाल खरा आहे, तो बसून बोलू. पण ठेकेदारानं त्या पोराला वर चढवताना अ, ब, क, ड विचारलं नव्हतं.

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३६ होतं. विषारी वायूच्या टाकीत माणूस उतरवायचा तर त्याच्या पट्ट्याला दोर पाहिजे आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाहिजे, असं सरळ लिहिलेलं. कलम ३२ मध्ये उंचीवरून पडू शकणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी घातलेली. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. आपल्यापैकी किती जणांनी त्या वाचल्या? मीही आत्ता वाचतोय, अडखळत. जुना कायदा होता तेव्हा आपल्याला माहीत नव्हता, आणि तो गेला तेव्हा कळलं की होता. हे परत होऊ द्यायचं नसेल तर जयंतीच्या वर्गणीतनं डीजेला जातात त्यातले थोडे पैसे एका कामगार वकिलाला द्या आणि वाड्यात चार रात्री वर्ग लावा.

बार्टी आहे, आता मातंगांसाठी आर्टी आहे. तिथं मागणी घेऊन जा. दोराच्या कामाचा कोर्स, फी संस्थेनं भरायची, शिकवायचं मराठीतनं, आणि आधी झुल्यावर राबलेल्यांना जागा पहिली. दादासाहेब गायकवाड आपल्याच तालुक्यातल्या आंब्याचे. भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा त्यांच्या हातात मागण्यांचा कागद होता. आपल्या हातात बुके असतो.

आणि प्रत्येक गल्लीत एक वही ठेवा. कुठल्या कारखान्यात आज कोण वर चढलंय, दोर किती, खुंटा कशाला, धारेखाली काय घातलंय. तारीख टाका. फोटो काढा. ज्या दिवशी दोर एक दिसेल त्या दिवशी पोराला चढू देऊ नका, आणि त्याची त्या दिवसाची सहाशे मजुरी वाड्यानं गोळा करून द्या. नाहीतर तो चढणार. मीही चढलो असतो.

वकील म्हणाला, दावा करायची मुदत दोन वर्षांची, ती २०२४ च्या मे महिन्यात संपली. पण उशिराला पुरेसं कारण असेल तर तो माफ करायचा अधिकार आयुक्ताला आहे. कारण काय सांगायचं, मी विचारलं. तो म्हणाला, आईला कायदा माहीत नव्हता, तिला चुकीचा कागद देऊन गप्प बसवलं, हे सांगायचं. कुणी बसवलं हे विचारतील. तेव्हा साक्षीदार लागेल.

म्हणून पुढच्या सोमवारी मी त्या मावशीला घेऊन नाशिकला कामगार न्यायालयात जातोय. स्टॅम्प पेपरची झेरॉक्स बरोबर आहे. खाली माझी सही आहे, ती माझीच आहे असं सांगणार. दुसरी सही ज्याची आहे तो हे पान वाचणार. सकाळची सातची एसटी आहे, भाऊ. दिंडोरी स्टँडवर मी साडेसहापासून उभा आहे.